चार नंबरचा चाकू

“आता मिटव,” शेवंतीकाकी म्हणाली.

मी चाकू मिटवायला गेले, तर तो मिटेना. पातं मागे रेटलं, मूठ गुडघ्यावर दाबून बघितली. काहीच होईना.

“अगो, खटका दाब आधी. अंगठ्यानं. नखानं नको, नख मोडेल.”

मी सगळा जोर लावून खटका दाबला तेव्हा कुठे पातं मुठीत गेलं. अंगठ्यावर लाल वळ उठला.

“हा चांगला,” काकी म्हणाली.

“एवढा छळतो तरी?”

“मिटवताना छळतो ना? म्हणजे काम करताना मिटायचा नाय. हा तीन नंबरचा बाजूला ठेव.”

आंबेकोंडला तिच्या घरापुढच्या खळ्यात आम्ही गोणपाट पसरून बसलो होतो. गोणपाटावर चार घडीचे चाकू आणि आंब्याच्या हिरव्या काड्यांची एक जुडी. मार्च महिना होता. मी चोवीस वर्षांची होते. शेतीची पदविका घेऊन तालुक्याच्या फळरोपवाटिका संघात लागून मला दीड वर्ष झालं होतं, नोकरी अजून तात्पुरती होती. संघाने चाळीस बायकांना आंब्याचं कलम बांधायला शिकवायचं ठरवलं होतं आणि त्यांना द्यायचे चाकू निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं. चिपळूणला दोन दुकानं पालथी घातली, एकदा कोल्हापूरला गेले, आणि स्वस्तातले चार नमुने घेऊन आले. प्रत्येकाच्या मुठीला नंबराची चिठ्ठी चिकटवली.

शेवंती रेवाळे हे त्या भागातलं कलमातलं नाव होतं. पन्नाशीची, काटकुळी, बोलायला फटकळ. तिच्या हातचं कलम शंभरात पाच-सातसुद्धा मरत नसे. बागायतदार तिला न्यायला गाडी पाठवत. शाळेत मात्र ती कधी गेली नव्हती. संघाने तिला मानधनावर शिकवायला बोलावलं, तेव्हा नेमणुकीच्या कागदावर तिला अंगठा उठवावा लागला. घरी जाताना ती साडीच्या पदराला अंगठा पुसत राहिली. शाई निघाली तरी पुसत राहिली. मी दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन तिच्याकडे गेले. तीन आठवडे आम्ही दोघी रोज तासभर बसायचो. ‘शे’ तिला लवकर आला, ‘वं’वरचं टिंब ती विसरायची, आणि ‘ळे’ने तिला रडवलं. पण आलं. ‘शेवंती रेवाळे’. बाकी काही वाचता येत नव्हतं, फक्त एवढंच लिहिता येत होतं.

तेव्हापासून ती मला मॅडम म्हणायची बंद झाली. ‘बाय’ म्हणायला लागली. मीही घरच्यासारखी तिच्या चुलीपुढे बसून भाकरी खायची.

तर ते चार चाकू. एक नंबरला लाकडी मूठ आणि पितळी टोप्या होत्या, दिसायला देखणा. काकीने त्याने चार काड्या छाटल्या आणि पात्यावर बोट फिरवलं. “लोखंड मऊ हाय. दुपारपर्यंत धार जाईल.” दोन नंबर लाल प्लॅस्टिकचा. त्यात पात्याबरोबर बूच काढायचा स्क्रू, डबा फोडायचं दाताळं, कात्री असं सगळं होतं. तिने एकेक उघडून बघितलं आणि हसायला लागली. “कलम बांधायचंय का संसार मांडायचाय? मूठ हातात मावत नाय माझ्या.” तीन नंबर काळ्या मुठीचा, जड, ओबडधोबड. तो तिने बाजूला काढलाच होता.

चार नंबर सगळ्यांत स्वस्त. पोपटी मूठ, चकचकीत पातं. तिने त्याने काडीला पाचरीसारखा तिरका काप दिला. लोण्यातून जावा तसा गेला.

“अय्या, हा तर मस्त आहे,” मी म्हटलं.

“धार हाय.” मग तिने एक जाडसर फांदी घेतली, पातं तिच्यात उभं घातलं आणि अडकलेलं पातं काढायला मागे रेटलं. खट्. पातं मुठीवर आलं. तिने बोटं आधीच उचलून धरली होती म्हणून वाचली.

तिने पुन्हा केलं. दुसऱ्यांदा खटका टिकला. तिसऱ्यांदा टिकला. चौथ्यांदा पुन्हा मिटला.

“बघितलंस? पातं अडकलं की नव्या बायका ते असंच मागं रेटून काढणार. मी कितीही सांगितलं तरी काढणार. तेव्हा हा मिटेल. आणि मिटेल तेव्हा बोटं कुठं असतील? आत.” तिने चाकू गोणपाटावर टाकला. “हा नको. बाकीचा कुठलाही घे. बोथट झाला तर धार लावता येते. हा नको म्हंजे नको.”

मी वहीत लिहून घेतलं. ‘क्र. ४ – खटका धोक्याचा. नाकारावा.’

ऑफिसात आल्यावर मी त्याचा नीट अहवाल केला, चांगला तीन पानांचा. तीन नंबर घ्यावा असं शेवटी लिहिलं. आमचे सचिव शेट्येसाहेब यांनी तो शांतपणे वाचला. शेट्येसाहेब वाईट माणूस नव्हते. कुणाकडून चहासुद्धा फुकट प्यायचे नाहीत. चाळीस बायकांचं हे शिक्षण मंजूर व्हावं म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांनी वर्षभर खेटे घातले होते.

“हेमांगी, तीन नंबर बसत नाही आपल्या मंजुरीत. एक आणि दोनसुद्धा नाहीत. फक्त चार बसतो.”

“मग वीसच घेऊ सर. दोघींत एक.”

“मंजुरी चाळीस नगांची आहे. वीस घेतले तर का घेतले म्हणून विचारतील. परत सगळं वर पाठवायचं. आज तारीख किती?”

“चोवीस.”

“एकतीसला वर्ष संपतं. रक्कम परत जाईल. पुढच्या वर्षी कोण देतंय?” त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. “मी तुला खोटं लिही असं म्हणत नाही. पण ‘धोक्याचा’ हा शब्द असला तर मला खरेदी करता येणार नाही. मग ना चाकू, ना शिक्षण. त्या बायकांना काय सांगायचं ते तू सांग.”

मी अहवालाची पानं सारखी केली.

“नवीन खटका असतो जरा सैल. बायका काय लढाई करणार आहेत का त्याने? कोवळी रोपंच कापायची आहेत ना?” मग ते जरा थांबून म्हणाले, “तुला कायम करण्याचा कागदही मी या बैठकीत ठेवतोय. चांगलं काम करतेस तू.”

हे दोन विषय त्यांनी एकमेकांना जोडले नव्हते. मी जोडले.

त्या संध्याकाळी मी तीन पानांचं एक पान केलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन आंबेकोंडला गेले, कारण तज्ज्ञ म्हणून काकीची सही लागत होती. ती गोठ्यात होती. हात धुऊन, पदराला पुसून आली.

“काय लिवलंयस?”

“आपण ते चार चाकू बघितले ना, त्याचं आहे.”

“बरं.” तिने पेन घेतलं. तोवर तिने सही फक्त पाटीवर आणि माझ्या वहीत केली होती. खऱ्या कागदावर ही पहिली. जीभ दातांत धरून तिने एकेक अक्षर काढलं. ‘वं’वरचं टिंब विसरली, मग आठवण होऊन दिलं. कागद लांब धरून बघितला.

“येतेय ना वाचता?”

“छान आलीय,” मी म्हटलं.

तिने मला जाताना फणसाची कुयरी दिली, भाजीला.

जुलैत शिक्षण सुरू झालं. संघाच्या शेडमध्ये चाळीस बायका बसल्या. प्रत्येकीपुढे कोयीतून वर आलेली तांबूस, कोवळी रोपं, काड्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि पोपटी मुठीचा चाकू. शेवंतीकाकी आत आली, तिने पहिल्या रांगेत नजर टाकली आणि सरळ माझ्याकडे आली.

“हे कसे आले?”

“वरून तेच मंजूर झाले काकी. पण हा नवीन माल आहे. यातले खटके नीट आहेत.”

“तू बघितलेस?”

“हो.”

मी बघितले नव्हते. खोकी आदल्या दिवशी उघडली होती. तिने एका बाईच्या हातातून चाकू घेतला, पातं टेबलाच्या काठाला लावून मागे रेटलं. टिकलं. दुसरा घेतला. टिकला. तिसराही टिकला.

“बरं मग,” ती म्हणाली. तरीही शिकवायला लागण्याआधी तिने सगळ्यांना बजावलं, “पातं अडकलं तर मागं रेटायचं नाय. रोप हलवायचं, पातं सुटतं.” बायकांनी माना डोलावल्या.

त्या चाळिसांत निवळखोलची सुगंधा घवाळी होती. बावीस-तेवीसची. नवरा मुंबईला गेला तो तिकडेच दुसरा संसार करून बसला होता. ही सासू आणि एक पोर घेऊन वाडीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. हात इतका चपळ की पहिल्याच दिवशी तिची कलमं बाकीच्यांच्या दुप्पट झाली. काकीला अशी माणसं फार आवडायची.

“शिलाईचं बोट हाय तिचं,” ती मला म्हणाली. “दोन वर्षांत ही माझ्या पुढं जाते का नाय बघ.”

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सुगंधा एक जून रोप घेऊन बसली होती. बाकीच्यांची कोवळी संपायची होती, तिची संपली होती, म्हणून तिने स्वतःहून उठून कोपऱ्यातलं जून रोप आणलं. पातं खोडात उतरलं आणि अडकलं. काकी शेडच्या दुसऱ्या टोकाला होती. मी सुगंधापासून चार हातांवर हजेरीपट भरत होते. मला ‘खट्’ ऐकू आलं. तो आवाज मी ओळखला. मान वर करायच्या आधीच मला काय झालंय ते कळलं होतं.

ती ओरडली नाही. “बाई,” असं नुसतं म्हणाली आणि हात पुढे केला.

उजव्या हाताची तीन बोटं. पातं मधल्या पेरांवर बसलं होतं. काकी धावत आली, तिने स्वतःच्या पदराची चिंधी फाडून बांधली, मी जीप आणायला पळाले. तालुक्याच्या डॉक्टरने टाके घातले आणि रत्नागिरीला न्यायला सांगितलं. तिथे कळलं की बोटं वाकवणाऱ्या शिरा तुटल्यात. शस्त्रक्रिया झाली, पण महिन्याभराने पट्टी सुटली तेव्हा अंगठा आणि करंगळी सोडून बाकीची बोटं सरळच राहिली. कात्री धरता येईना. सुईत दोरा ओवता येईना.

ऑगस्टच्या शेवटी चौकशी झाली. संघाचे अध्यक्ष, जिल्ह्याहून आलेले एक अधिकारी आणि शेट्येसाहेब टेबलाच्या पलीकडे. अलीकडे शेवंतीकाकी आणि मी. सुगंधाला बोलावलंच नव्हतं. काकी धुतलेली नऊवारी नेसून, केसांना तेल लावून आली होती. माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “घाबरू नको बाय. आपण सांगितलं होतं ना तसं. तू लिवलेलं हाय ना सगळं? ते त्यांना दाखव.”

अधिकाऱ्यांनी फाईल उघडली.

“खरेदीपूर्वी चाकूंची पाहणी झाली होती?”

“झाली होती,” शेट्येसाहेब म्हणाले. “अहवाल आहे.”

अधिकाऱ्यांनी तो मोठ्याने वाचला. एकच पान होतं, वेळ लागला नाही. चार नमुने, त्यांची वर्णनं. शेवटचा परिच्छेद त्यांनी सावकाश वाचला.

“‘तज्ज्ञ कलमकार श्रीमती शेवंती रेवाळे यांनी चारही चाकू प्रत्यक्ष हाताळून पाहिले. क्रमांक चारची धार सर्वोत्तम असून तो प्रशिक्षणास योग्य असल्याचे त्यांनी सांगितले. त्यांच्या पसंतीनुसार क्रमांक चारची शिफारस करण्यात येत आहे.’”

शेट्येसाहेबांनी मला ‘धोक्याचा’ हा शब्द काढायला सांगितलं होतं. एवढंच. काकीच्या पसंतीची ती दोन वाक्यं त्यांनी सांगितली नव्हती. ती माझी होती. अहवाल भक्कम दिसावा, कुणी शंका काढू नये, म्हणून मी माझ्या मनाने घातली होती. लिहिताना शब्द चांगले जुळले याचं बरंही वाटलं होतं.

काकीने पहिल्यांदा ते ऐकलं. तिला पुस्तकी मराठी जरा उशिरा कळायची. ‘पसंतीनुसार’ या शब्दावर तिची मान वर आली.

“ही सही तुमची का बाई?” अधिकाऱ्यांनी कागद तिच्यापुढे धरला.

तिने कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते.

“सही माझी हाय.”

“म्हणजे हा चाकू तुम्ही पसंत केलात?”

ती माझ्यासाठी थांबली होती. चांगली मिनिटभर थांबली.

“हेमांगी,” शेट्येसाहेबांनी विचारलं, “तुला काही सांगायचंय?”

त्यांचा आवाज मऊ होता. आज वाटतं, त्यांनी मला तेव्हा वाट करून दिली होती. मी बोलले असते तर त्यांनी अडवलं नसतं, कदाचित त्यांनीही आपलं सांगितलं असतं.

“नाही सर,” मी म्हटलं.

“बाई, तुम्ही?”

“माझी सही हाय,” काकी पुन्हा म्हणाली. “आणखी काय सांगू?”

ती उठली आणि बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले नाही.

शिक्षकांच्या यादीतून तिचं नाव काढलं. गोष्ट एवढ्यावर थांबती तरी ठीक होतं. पण वाड्यावाड्यांतून बोलणं सुरू झालं. शेवंतीने दुकानदाराकडून काहीतरी घेतलं आणि वाईट चाकू पास केला. सुगंधाची सासू बाजारात तिच्या अंगावर धावून गेली. बागायतदारांनी त्या हंगामात दुसरी माणसं बोलावली.

ऑक्टोबरात मला कायम केल्याचं पत्र आलं. घरी आईने शिरा केला.

डिसेंबरात मी आंबेकोंडला गेले. तोपर्यंत झोप उडाली होती, अन्न जात नव्हतं. हे एकदा तिच्यापुढे बोलून टाकायचं असं ठरवून गेले. ती पलीकडच्या गावात काजू सोलायच्या कारखान्यात जायला लागली होती, पण त्या दिवशी सुट्टी होती. पायरीवर बसून ती हाताला खोबरेल चोळत होती. काजूच्या चिकाने तळव्यांची सालं निघाली होती.

“ये,” ती म्हणाली. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेट्येसाहेब काय म्हणाले, मी काय काढलं, काय घातलं. सांगताना रडले.

तिने मला थांबवलं नाही. झाल्यावर तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“मला त्याच दिवशी कळलं. तिथं बसल्या बसल्या.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? मला वाचता येत नाही, हिने खोटं लिहिलं, असं सांगायचं होतं ना!”

“सांगितलं असतं तर त्यांनी तुला विचारलं असतं. आणि तू म्हणाली असतीस, काकी खोटं बोलते.” तिने माझ्याकडे बघितलं. “म्हणाली असतीस का नाय?”

मला नाही म्हणायचं होतं. पण मी खाली बघून डोळे पुसत राहिले.

“ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून बोलले नाय.”

“मी आता सांगते. लेखी देते. शेट्येसाहेबांना भेटते.”

“दे हवं तर. माझ्यासाठी नको देऊ. मला परत कोण बोलावतंय?” मग तिने विचारलं, “सुगंधाकडे गेली होतीस?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही.”

“मग आधी इकडं कशी आलीस?” तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. “बोटं तिची गेली. माझं काय गेलं? तिला जाऊन सांग. तिची सासू शिव्या देईल, त्या खा. मग ये माझ्याकडं, मी च्या करते.”

ती उठून आत गेली. मी जरा वेळ खळ्यात उभी राहिले आणि मग वाटेला लागले.

स्टँडवर पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. निवळखोलची गाडी लागलेली होती, जवळजवळ रिकामी. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं ओरडत होता. पाऊण तासाचा रस्ता. संध्याकाळच्या गाडीने परत येता आलं असतं. मी दारापर्यंत गेले.

“चढताय ना ताई?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. आणि पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या गावच्या गाडीत जाऊन बसले.

लेखीही मी काही दिलं नाही. त्यानंतर तेहतीस वर्षं मी त्याच तालुक्यात नोकरी केली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. गावोगाव हिंडले. निवळखोलचा कार्यक्रम निघाला की मात्र दुसऱ्या कुणाला तरी पाठवत असे. कधी बरं नाही म्हणून, कधी घरी पाहुणे आहेत म्हणून. कुणी कधी कारण विचारलं नाही.